पाच वॅटची हाक

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

खाल्ले: सकाळी तांदळाची अर्धी भाकर, अंबाडीची भाजी. दुपारी वरण-भात आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. चहा दोनदा, बिनसाखरेचा, म्हणजे गरम पाणीच.

हे आधी लिहायचे, कारण वही त्यासाठीच आणली आहे. पवनीच्या डॉक्टराने माझी साखर पाहून सांगितले की आजी, रोज काय खाता ते लिहून आणत जा. मी म्हटले, बापू, मला खाता येते, लिहिता येत नाही. तेव्हा सून हर्षा म्हणाली, आई, तुम्ही सांगा, मी लिहिते. आता सांगायचेच, तर नुसत्या वरण-भातावर कशाला थांबायचे. डॉक्टरालाही वाचताना जरा बरे वाटेल. मी 'मले' म्हणते त्याचे हर्षा 'मला' करते. करू दे. शिकलेल्या माणसाचा हात शिवशिवतो.

तर आज मी कोंढ्याहून इथे आले. आजवर थोरल्याकडे होते. धाकट्या धनंजयने धरणाजवळच्या नव्या गावठाणात घर बांधले आणि माझ्यामागे लागला की माय, चाल, चाल. टेम्पोत माझी खाट, पेटी, उखळ आणि मी. ड्रायव्हरने उखळ पाहून विचारले की याचे काय करता. मी म्हटले, उद्धट ड्रायव्हर कुटते.

घर चांगले आहे. रंग हळदीच्या पाण्यासारखा पिवळा, दोन कोसांवरून दिसतो. फरशी इतकी गुळगुळीत की चालताना बदकासारखे पाय टाकावे लागतात. मागे थोडी वाडी, वाडीच्या टोकाला मोहाचे झाड, आणि झाडापलीकडे उतारावर पाणी. पाणीच पाणी. त्या पाण्याखाली माझे माहेर आहे, खैरटोला. धरण भरले तेव्हा गेले. बाकीच्या बायकांना माहेरी जायला एसटी लागते, मला डुबकी लागेल.

मी खूश आहे. हर्षाने विचारले, लिहू का? मी म्हटले, लिही, रोज होत नाही ते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खाल्ले: भात, लाखोरीच्या डाळीचे वरण, वांग्याची भाजी. एक पेढा, पण तो प्रसादाचा होता, डॉक्टराने मध्ये पडू नये.

आज धनंजयने मला त्याचा डबा दाखवला. आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो, पगार बरा आहे, अंगावर नीट कपडे घालतो, म्हणून मला वाटत होते की पोरगा ठीक निघाला. डबा पाहून तो भ्रम गेला.

पानाच्या डब्याएवढा सेट आहे. त्याला एक बॅटरी, बोलायचा एक माइक, आणि झाडावर फेकायची लांब तार. सुटे भाग मागवून त्याने स्वतः जोडला. त्यातून बोलले की लांबचा माणूस ऐकतो आणि तिकडून बोलतो. मी विचारले, मग मोबाइल कशाला आहे? तो म्हणाला, मोबाइलला टॉवर लागते, कंपनी लागते, याला काही नाही लागत. फक्त सरकारचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे माझ्या पोराने बोलण्याची परीक्षा दिली. मी आयुष्यभर फुकट बोलले. सरकारने परवाना मागितला असता तर मी केव्हाच तुरुंगात असते.

त्याची ताकद म्हणे पाच वॅट. संडासातला झिरोचा बल्ब याहून जास्त वीज खातो. आणि तीच मजा आहे म्हणतो, एवढ्याशा विजेवर माणूस किती लांब पोचतो. म्हणजे अर्ध्या भाकरीवर भंडाऱ्यापर्यंत चालत जायचे आणि वर मिशीला पीळ द्यायचा. पोटभर खाऊन गेले तर कोणी नाव ठेवते का?

या लोकांना एकमेकांची नावेही चालत नाहीत. प्रत्येकाला नंबर आहे, दोन अक्षरे, एक आकडा, पुन्हा अक्षरे, एसटीच्या मागे लिहितात तसा. मी माझ्या पोराला मुडद्या म्हणते, लहानपणापासून. शाळेतून यायला उशीर झाला की मी दारातून ओरडायची, मुडद्या, आणि हा तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, धावत यायचा. गोड बोलले की मुले बिघडतात असे ऐकले आहे. करून पाहिले नाही.

त्याचा एक सोबती आहे, चंद्रकुमार, कारध्याला राहतो, त्याच्याकडेही असाच डबा. संध्याकाळी दोघे बोलले. मी शेजारी बसून सगळे ऐकले. ऐकू येते का? येते. किती येते? चांगले येते. तुला? मलाही येते. मग दोघांनी एकमेकांचे आभार मानले. दोघांच्या खिशात मोबाइल होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

खाल्ले: भात, पोपटाच्या शेंगा, ताक. सध्या पोपटाच्या शेंगाच आहेत, बाई, घरात.

सकाळी धनंजय डबा घेऊन मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. पाण्याजवळून आवाज लांब जातो म्हणे. तारेला दगड बांधून झाडावर फेकला. दगड तीनदा स्वतःच्याच पायाशी पडला. लहानपणी आंबे पाडायला असाच जायचा आणि डोके फोडून घ्यायचा. शेवटी तार अडकली. आजूबाजूच्या शेतांच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे, मोठे ढीग, रचून झालेत, मळणीच्या मशीनची वाट आहे, लोक कामात, आणि हा जोडे घालून झाडाखाली एकटाच बोलून राहिला.

काय बोलतो विचारले तर सांगितले, आधी आपला नंबर सांगायचा आणि मग हाक मारायची की जो कोणी ऐकत असेल त्याने यावे. इंग्रजीत दोनच अक्षरे आहेत त्यासाठी. माझ्या आग्रहाखातर त्याने मराठीतही म्हणून दाखवले. कोणी ऐकत आहे का? कोणीही असो, या.

तेव्हा मी त्याला थांबवले. आमच्या खैरटोल्यात तलावाच्या पाळीवरून किंवा जंगलाच्या काठावरून अशी हाक कोणी मारत नसे. हाक नावाने मारायची. माणूस असला तर तो आपले नाव आणि घर सांगून ओ द्यायचा. 'कोणी आहे का' असे पाण्याकडे तोंड करून म्हणायचे नाही, कारण मग कोणालाही वाटू शकते की आपल्यालाच बोलावले. माझा बाप जागेश्वर, चार गावांत भांडणारा माणूस, पण हरवलेली म्हैस शोधतानाही म्हशीचे नाव घेऊन ओरडायचा.

धनंजय म्हणाला की माय, माझा सगळा छंदच हा आहे, कोणालाही हाक मारायची आणि कोण येते ते पाहायचे. मी म्हटले, बायकोने तीनदा बोलावले तरी ओ देत नाहीस आणि जगाला बोलावतोस. हर्षाने हे वाक्य फार आवडीने लिहिले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

खाल्ले: भाकर, झिंग्याची चटणी. फक्त चटणीवरच चार घास जास्त गेले.

कामावरून आल्यावर धनंजय पुन्हा झाडाखाली गेला. मीही गेले, घरात बसून काय फरशी चाटायची. ऊन उतरले होते. त्याने हाक मारली, आता मराठीतच, बटन सोडले, आणि थोड्या वेळाने डब्यातून त्याचीच हाक परत आली. त्याचाच आवाज, तोच नंबर, जसेच्या तसे.

पोरगा आनंदाने वेडा झाला. चंद्रकुमारला मोबाइलवर फोन लावला, म्हणजे निकडीच्या वेळी मोबाइलच आठवतो. त्याने सांगितले की कधी कधी लहरी पृथ्वीभोवती फिरून परत येतात, शास्त्रात लिहिलेले आहे. बरे. फिरून आल्या तर आल्या.

पण पुढच्या वेळी हाक परत आली तेव्हा त्यात नंबर नव्हता. नुसते 'कोणी ऐकत आहे का' तेवढेच आले. आणि त्यापुढच्या वेळी त्याने हाक मारण्याआधीच आले.

मला भीती वाटली नाही. कीवच आली. ज्याला स्वतःचा एक शब्द नाही, दुसऱ्याने टाकलेला उचलून तोंडात घालतो, तो कसला आला आहे मोठा. कोणी तरी टवाळ असेल म्हटले. धनंजय म्हणाला, टवाळाजवळ माझा आवाज कुठून येणार? त्यावर मी म्हटले की तुझ्या आवाजात असे काय सोने आहे की चोरता येऊ नये.

३० नोव्हेंबर, रविवार

खाल्ले: चंद्रकुमार जेवायला होता म्हणून मासे, भात, वडे. मीही खाल्ले. डॉक्टराने हे पान उलटावे.

चंद्रकुमार बुटका, गोरा, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारा. कारध्याहून मोटरसायकलने डबा पाठीला लावून आला. जेवून आम्ही तिघे झाडाखाली गेलो. हर्षा भांडी घासत राहिली, शहाणी आहे.

भर दुपार. पाण्यावर एक होडी नाही. धनंजयने हाक मारली, कोणी ऐकत आहे का. बटन सोडले. डब्यातून उत्तर आले, ऐकत आहे.

आधी खाकरल्याचा आवाज आला आणि मग, ऐकत आहे. आवाज चंद्रकुमारचा होता. आणि चंद्रकुमार माझ्यासमोर बसला होता, तोंडात सुपारी, ओठ बंद. त्याचा रंग असा उतरला की सुपारी गिळून बसला. धनंजयने विचारले, कुठून बोलता. उत्तर आले, ऐकत आहे. कोण बोलता. ऐकत आहे.

दोन शिकलेले पुरुष, एकाने परीक्षा दिली, दुसऱ्याने शास्त्र वाचले, आणि दोघे डब्याकडे असे पाहत बसले जशी त्यातून सासू निघणार आहे. मला राग आला. अनोळखी माणूस दारात आला तर आमच्यात काय करतात हे यांना माहीत नाही का? आधी आपले सांगायचे, मग त्याचे विचारायचे. त्याला पाणी, जेवण विचारायचे. माणूस असेल तर सांगेल, टवाळ असेल तर लाजेल. मी धनंजयच्या हातून माइक घेतला आणि तो दाबायचा ते बटन दाबून धरले.

मी म्हटले, मी शकुन, खैरटोल्याच्या जागेश्वरची लेक, कोंढ्याला दिलेली. हा माझा धाकटा, धनंजय. सून हर्षा. नव्या गावठाणात मोहाच्या झाडामागचे पिवळे घर आमचे. तू कोणाचा रे बाबा? जेवलास का? ये रे बाबा, जेवून जा.

नवऱ्याचे नाव तेवढे घेतले नाही. जिवंतपणी घेतले नाही, आता काय घेणार.

बराच वेळ डबा नुसता सळसळत राहिला. मग एक खरखरीत म्हातारी बोलली. मी म्हटले, ही कोण आणखी घसा फुटलेली? तर दोघे माझ्या तोंडाकडे पाहत होते. तेव्हा कळले की तो माझा आवाज. मी तो कधी बाहेरून ऐकलेला नव्हता. ती म्हातारी म्हणाली, धनंजय. थोडी थांबली. हर्षा. पिवळे घर. आणि मग अगदी मायेने, जेवलास का? ये रे बाबा.

चंद्रकुमार त्याच पावली मोटरसायकलवर बसला. धनंजयने तार ओढून काढली. वाडीत आल्यावर तो म्हणाला की माय, तू मले असं कधी म्हटलं नाही, जेवलास का बाबा म्हणून. मी म्हटले, तू माझ्याच चुलीवर जेवत होतास, विचारायचे काय त्यात?

३ डिसेंबर, बुधवार

खाल्ले: भात, वरण. भूक कमी आहे.

डबा कपाटात बंद आहे. बॅटरी काढलेली.

आज शेजारची सुलोचनाबाई भांडायला आली. तिचे म्हणणे असे की आजी, भर दुपारी पाण्याच्या काठावर उभे राहून काहून ओरडून राहिल्या, माझा नवरा मळणी सोडून घरी आला, त्याला वाटले जेवणाचे आवतण आहे. मी तेव्हा घरात होते. हर्षा माझ्या डोक्याला तेल लावत होती. सुलोचनाबाई म्हणाली, आवाज काय मी ओळखत नाही का तुमचा, साऱ्या गावठाणात असा घसा दुसरा नाही. आधीच्या दिवशीही ऐकला म्हणे, पण तेव्हा लांब होता, पाण्याच्या आतून आल्यासारखा.

ती गेल्यावर हर्षाने माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला.

मी अजूनही म्हणते, डब्यातला तो हलकट आहे. जेवायला बोलावले तर पाहुणा जेवून जातो. हा पाहुणा माझ्याच घरचे आवतण गावभर वाटून राहिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

खाल्ले: सकाळी चहा. नंतर काही नाही.

चंद्रकुमारच्या बायकोचा फोन आला. तो काल दुपारपासून नाही. मोटरसायकल कारध्याला, आमच्या धरणाच्याच नदीच्या काठी सापडली. डबा तिथेच दगडावर, चालू. पोलिसांनी होडी टाकली आहे.

ती सांगत होती की जेवता जेवता त्याच्या डब्यातून धनंजयचा आवाज आला. कोणीही असो, या. पुन्हा पुन्हा. तो म्हणाला, धनंजय काठावर आलेला दिसते, पाहून येतो. ताट तसेच ठेवून गेला. तिने धनंजयला विचारले की तुम्ही बोलावून त्याला कुठे नेले. धनंजयने सांगितले, वहिनी, माझा सेट कपाटात आहे, बॅटरी काढलेली. ती म्हणाली की तुमचाच आवाज होता, भाऊ.

धनंजय कपाटासमोर बसून आहे. मी त्याला मुडद्या म्हटले, ऊठ म्हटले. उठला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

मला आता कळले ते लिहून ठेव, हर्षा. पाण्यातले ते, ज्याला न्यायचे त्याला त्याच्या माणसाच्या आवाजात बोलावते. स्वतःजवळ काही नाही. आम्ही दिले तेवढेच. चंद्रकुमारसाठी धनंजयचा आवाज होता. धनंजयसाठी माझा आहे, नाव आहे, घर आहे, आणि ये म्हटलेले आहे. मीच म्हटलेले.

थोरल्याला फोन केला. टेम्पो बुधवारी सकाळी रिकामा आहे, त्याआधी नाही. मळणीचे दिवस, सगळे धान वाहून राहिले.

धनंजयला समोर बसवून सांगितले. पाण्यातल्या त्याच्याजवळ माझा आवाज आहे, माझी जीभ नाही. ते गोड बोलते. मी गोड बोलत नाही. तर शिवी देईल ती तुझी माय. मुडद्या म्हणेल ती माय. बाबा म्हणेल ती नाही. एवढे डोक्यात ठेव, बाकी परीक्षा देऊ नको.

तो हसला. म्हणाला, माय, हे मले सांगायची गरज नाही.

७ डिसेंबर, रविवार

ते आता मोहाच्या झाडापर्यंत आले. आवाज झाडाखालून येतो. दिसत काही नाही. दुपारी आणि दिवेलागणीला.

जेवलास का रे बाबा. ये.

एवढेच. दुसरे काही येत नाही त्याला. भिकाऱ्याजवळ दोन नाणी असावी आणि तीच वाजवत बसावे तसे. मी मागच्या दारात उभी राहून सांगितले की भुरट्या, माझ्या पोराला माझ्याच आवाजात बोलावतोस, लाज नाही तुला. ते गप्प झाले. ऐकत होते.

धनंजय वाडीच्या पायरीवर जाऊन बसला होता. हर्षाने विचारले, काहून बसले तिथे? म्हणाला, मले माहीत आहे ते माय नाही. ऐकतो फक्त.

मी म्हटले, काय ऐकण्यासारखे आहे त्यात?

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तिकडे तोंड केले.

८ डिसेंबर, सोमवार

कामावर गेला नाही. दुपारी पायरीवर नव्हता. झाडाखाली होता. मान वाकडी करून, कान देऊन— शाळेत बक्षीस घेताना उभा होता तसा.

मी वाडीतून ओरडले. मुडद्या, घरी ये. हर्षाही ओरडली. पोरगा हलत नाही. मग मी लहानपणी ओरडायची तसे ओरडले, मुडद्या, अंधार पडून राहिला, ये— अंधार कुठे होता, दुपारच होती, पण तोंडातून तेच— तेव्हा आला. पावले ओली होती.

हर्षाने विचारले, पाण्यात गेले होते का? तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, थोडासा.

मी ओरडत होते तेव्हा झाडाखाली अगदी चूप होते. ते शिकून— नाही. पुढे लिहू नको.

९ डिसेंबर, मंगळवार, दिवेलागण

कडी लावली. कुलूप हर्षाने लावले. किल्ली माझ्या कमरेला. सकाळी टेम्पो येते.

हर्षा माझ्यासमोर दाराला पाठ लावून बसली. तिच्या गुडघ्यावर माझा हात आहे. मी म्हटले, लिहीत राहा, माझ्या तोंडून निघते तेवढंच लिही, जसं निघते तसं. 'मले'चं 'मला' करू नको. कागदावर आहे ते माझं. कागदावर नाही ते त्याचं.

धना ताटावर बसला. जेवत नाही.

वाडीतून आलं— ओसरीवर आहे. दाराला लागून. एवढं जवळ कधी—

जेवलास का रे बाबा म्हणते.

धनानं ताट सरकवलं. उठला. धना किल्ली मागते मले. म्हणते, माहीत आहे मले ती तू नाहीस माय, दारातूनच ऐकतो, दार थोडं उघड. नाही म्हटलं. मुडद्या, बस खाली म्हटलं. बसत नाही. धना म्हणते, हे मुडद्या तर रोजचंच आहे.

रोजचंच—

हर्षा, लिही. मी आता त्याले—

धना. बाबा. ये रे माझ्याजवळ. जेवला नाहीस तू. ये, मी भरवते दोन घास.

थांबला.

थांबला तो, हर्षा. वळला. माझ्याकडे पाहून राहिला, लहान होता तसा. बाहेर काही नाही. चूप झालं बाहेर. ये बाबा. ये, बस—

बाहेरून—

मुडद्या म्हणते. माझ्या आवाजात. मुडद्या, अंधार पडून राहिला, ये—

धना मागं सरला. माझ्यापासून. माझ्याकडं पाहून— म्हणते, शिवी देईल ती माय, तूच सांगितलं— नाही, सांगितलं तिनं. माय बाहेर आहे म्हणते. मग तू कोण आहेस म्हणते. मले विचारते. कोणाची तू—

मी शकुन. खैरटोल्याच्या जागेश्वरची लेक. धना, मी तुझी— हर्षा, सांग त्याले, हात कोणाचा आहे तुझ्या गुडघ्यावर, सांग— किल्ली ओढली, धाग्यासकट— लिहू नको आता, पेन टाक, धर त्याले, धर—